हेइस्कानेनचं हेलसिंकीतलं वर्ष



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर मैदानाच्या कडेला उभे राहून मुलं घडवत राहिले, असं कार्यकर्त्यांनी मला सांगितलं. तेव्हाच मी ठरवलं की आज गोल करणाऱ्यावर बोलायचं नाही. गोल होऊ न देणाऱ्यावर बोलायचं. विषय आहे मीरो हेइस्कानेन या फिनलंडच्या बचावपटूची पहिली पाच वर्षं, २०१६ ते २०२१. बर्फावरची हॉकी आपल्या देशात लडाख आणि स्पितीपलीकडे फारशी कुणी जवळून पाहिलेली नाही. त्यामुळे खेळाची थोडी ओळख करून द्यावी लागेल. ती मी लागेल तिथे देईन, आधी शिकवणी घेऊन तुम्हाला बसवून ठेवणार नाही.

सुरुवात २९ एप्रिल २०१७ पासून करू. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, दर वर्षी अठराच्या आसपासची नवी मुलं संघांमध्ये वाटली जातात. याला ड्राफ्ट म्हणतात. इथे पैशाची बोली नसते, रांग असते. मागच्या हंगामात जो सगळ्यांत वाईट खेळला, त्याला रांगेत पुढची जागा मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. पण मग संघ मुद्दाम हरायला लागतील, म्हणून तेव्हा पहिल्या तीन जागांसाठी सोडत काढत असत. त्या वर्षी कोलोराडोचा संघ तळाला होता. ८२ सामन्यांत अवघे ४८ गुण, बऱ्याच वर्षांत कुणी केली नव्हती इतकी वाईट कामगिरी. सोडतीत पहिली जागा गेली न्यू जर्सीला, जो रांगेत पाचवा होता. दुसरी फिलाडेल्फियाला, जो तेरावा होता. तिसरी डॅलसला, जो आठवा होता. कोलोराडो चौथ्या जागेवर घसरला. तिथे त्या रात्री किती हळहळ झाली असेल याची कल्पना करा. या चौथ्या जागेकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

जूनमध्ये शिकागोत प्रत्यक्ष निवड झाली. न्यू जर्सीनं स्वित्झर्लंडचा निको हिशियर घेतला, फिलाडेल्फियानं कॅनडाचा नोलन पॅट्रिक. दोघेही मध्यभागी खेळणारे आक्रमक, दोघांची नावं वर्षभर चर्चेत होती. डॅलसनं तिसऱ्या क्रमांकावर सतरा वर्षांचा हेइस्कानेन उचलला. आणि चौथ्या क्रमांकावर कोलोराडोनं अल्बर्टातल्या एका कनिष्ठ लीगमधून केल मकार नावाचा बचावपटू घेतला.

डॅलसनं हेइस्कानेन का घेतला असावा, हे पाहताना मला या क्लबचा इतिहास महत्त्वाचा वाटतो. टेक्सासच्या उन्हातल्या या क्लबचे फिनलंडशी धागे फार जुने आहेत. १९९३ पर्यंत हा संघ मिनेसोटात होता, आणि तिथे कारी ताक्को नावाचा फिनिश गोलरक्षक खेळला होता. पुढे हाच ताक्को डॅलससाठी युरोपभर फिरून मुलं हेरू लागला. यारी, यारे, यर्मो अशी नावं ज्या क्लबच्या कचेरीत कुणाला अवघड वाटत नाहीत, त्या क्लबला हेलसिंकीतला मुलगा परका वाटत नाही. त्याहून मोठा धागा यारे लेहतिनेनचा. हा एस्पोचा. एस्पो म्हणजे हेलसिंकीला चिकटलेलं शहर. लेहतिनेन आक्रमक होता, पण बचावात इतका चोख, की सर्वोत्तम बचाव करणाऱ्या आक्रमकाला मिळणारी सेल्की ट्रॉफी त्यानं तीनदा घेतली. १९९९ च्या जूनमध्ये डॅलसनं स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला तेव्हा तो संघात होता. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, १८ जुलै १९९९ ला, त्याच एस्पोत हेइस्कानेन जन्मला. योगायोगाला मी फार अर्थ चिकटवणार नाही. पण लेहतिनेन पुढे फिनलंडच्या राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक झाला आणि संघात कुणाला घ्यायचं हे ठरवू लागला, हे मात्र लक्षात ठेवा.

आता हेइस्कानेन करतो काय ते सांगतो. बर्फावर एका बाजूचे सहा जण असतात: गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आक्रमक. पक ही कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची. खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून स्केट करतो आणि बाकावर परततो, दुसरा उतरतो. समोरून आक्रमक पक घेऊन येतो तेव्हा बचावपटू त्याच्याकडे तोंड करून उलटा स्केट करत मागे सरकतो. दोघांमधलं अंतर हाच सगळा खेळ. जास्त ठेवलंत तर तो नेम धरून मारणार, कमी ठेवलंत तर बाजूनं निसटणार. कबड्डीतला कोपरारक्षक चढाईवाल्याला जसं घोट्याच्या आमिषानं खेळवत आत ओढतो आणि त्याचा पाय वळला की मगच झेपावतो, तसंच हे, फक्त दोघेही ताशी तीस-पस्तीस किलोमीटरच्या वेगात. हेइस्कानेन या अंतरात चुकत नाही असं नाही, पण चुकला तरी सावरतो, कारण त्याचं वळणं इतकं सहज आहे की उलट्याचं सुलट होताना त्याचा वेग मोडत नाही.

दुसरं काम याहून कठीण आणि याहून कमी दिसणारं. प्रतिस्पर्धी पक तुमच्या मागच्या कोपऱ्यात भिरकावतात आणि दोन दणकट माणसं त्याच्या मागे सुटतात. बचावपटूला पाठ फिरवून आधी तिथे पोचायचं, पोचता पोचता खांद्यावरून मागे पाहायचं, आणि धडक बसण्याआधी पक कुणाच्या तरी काठीवर ठेवायची. घाबरून भिंतीवर आपटली तर ती परत शत्रूकडेच जाते. चांगला बचावपटू तिथून पहिला पास काढतो. हेइस्कानेन अनेकदा पास काढतच नाही, दोघांच्या मधून स्वतःच पक घेऊन निघतो. समोरची बाजू हल्ल्यासाठी पुढे आलेली असते, त्यामुळे तिच्या मागे मैदान मोकळं असतं.

या दोन्ही कामांचे गुण मिळत नाहीत. गुणतक्त्यात गोल आणि असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला पासनं लावलेला हातभार, एवढंच असतं. म्हणून बचावपटूची खरी किंमत काढायची तर मी नेहमी बर्फावरची मिनिटं पाहतो. प्रशिक्षक वर्तमानपत्रांना काहीही सांगो, तो कुणावर किती विसंबतो हे मिनिटांत दिसतं.

हेइस्कानेनचा फिनलंडमधला क्लब हेलसिंकीचा एचआयएफके. १८९७ साली स्वीडिशभाषक विद्यार्थ्यांनी काढलेला, छातीवर लाल तारा लावणारा. १९६८ मध्ये या क्लबनं कार्ल ब्रूअर नावाच्या कॅनेडियनला खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून बोलावलं. ब्रूअर टोरांटोकडून तीन स्टॅनले कप जिंकलेला बचावपटू होता. त्याच हंगामात, १९६९ मध्ये, एचआयएफकेनं देशाचं पहिलं विजेतेपद मिळवलं. फिनिश हॉकीला व्यावसायिक शिस्त तिथून लागली असं जाणकार मानतात. तोवर फिनलंड हा रशियन आणि स्वीडिश शेजाऱ्यांकडून मार खाणारा देश होता. पहिलं जागतिक विजेतेपद यायला १९९५ उजाडलं, आणि तेही स्टॉकहोममध्ये, स्वीडनला स्वीडनमध्येच हरवून. साठ लाखांपेक्षा कमी वस्तीचा देश आहे. तो आनंद अजून ओसरलेला नाही.

२०१६ च्या हंगामात सतरा वर्षांचा हेइस्कानेन एचआयएफकेकडून प्रौढांच्या लीगामध्ये खेळू लागला. फिनलंडच्या सर्वोच्च लीगचं नावच लीगा. ३७ सामने, पाच गोल, पाच असिस्ट. आकडे साधे वाटतात. पण समोर तिशीतली, दाढीवाली, मुलाबाळांची माणसं होती, जी पगारासाठी खेळतात आणि कोपऱ्यात पोराला सूट देत नाहीत. माझ्या मते युरोपातल्या व्यवस्थेचा हा मोठा फायदा आहे. कॅनडात त्याच वयाचा मुलगा बहुधा आपल्याच वयाच्या मुलांशी खेळतो आणि गुणांची रास रचतो. इथे रास रचता येत नाही, पण पोरगा प्रौढांचं अंतर शिकतो.

त्या हिवाळ्यातली एक गोष्ट गौरवपर लेखांमध्ये सहसा गाळली जाते. २० वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत फिनलंड गतविजेता म्हणून उतरला होता. आदल्या वर्षी हेलसिंकीत पाट्रिक लाइने, सेबास्तियान अहो या पोरांनी सुवर्ण जिंकलं होतं. २०१७ च्या त्या स्पर्धेत, माँट्रियालला, फिनलंड पहिले तीन सामने हरला, त्यात डेन्मार्ककडूनही. स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षकाला काढून टाकलं गेलं. गतविजेते गट टिकवण्याच्या फेरीत गेले आणि लाटव्हियाला हरवून कसेबसे वाचले. हेइस्कानेन त्या संघात होता. एरवी वाकून नमस्कार करणारी वर्तमानपत्रं फिनलंडमध्येही असतात आणि तीच उलटतातही, याचा अनुभव त्याला सतराव्या वर्षी आला.

चार महिन्यांनी, एप्रिलमध्ये, स्लोव्हाकियात १८ वर्षांखालची स्पर्धा झाली. फिनलंड अंतिम सामन्यात अमेरिकेकडून हरला, पण हेइस्कानेननं सात सामन्यांत १२ गुण मिळवले आणि तो स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू ठरला. ड्राफ्टमधली त्याची जागा तिथे वर सरकली. त्या जूनमध्ये पहिल्या फेरीत तब्बल सहा फिन निवडले गेले, आणि त्यांतले चार बचावपटू होते: हेइस्कानेन, युसो व्हालिमाकी, उर्हो व्हाकानाइनेन आणि हेन्री योकिहार्यु. एका लहान देशाच्या एकाच पिढीतून चार. याचं स्पष्टीकरण स्वभावात, थंडीत आणि अबोलपणात शोधणारे लेख भरपूर निघाले. मला ती भाषा पटत नाही. प्रौढांच्या लीगामध्ये किशोरवयीन मुलांना बर्फावर उतरवण्याची तयारी क्लबांनी दाखवली, राष्ट्रीय महासंघानं प्रशिक्षकांना शिकवण्यावर पैसा घातला, त्याचं हे फळ आहे. अबोल माणसं सगळ्याच देशांत असतात.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तिसऱ्या क्रमांकावर निवडला जाणारा हेइस्कानेन हा पहिला फिनिश बचावपटू नव्हता. १९९५ मध्ये, फिनलंडच्या त्या पहिल्या सुवर्णाच्या उन्हाळ्यात, लॉस एंजेलिसनं आकी बेर्ग या तुर्कूच्या बचावपटूला बरोबर याच क्रमांकावर घेतलं होतं. बेर्ग त्याच वर्षी, अठराव्या वर्षी, अमेरिकेला गेला आणि पहिल्याच हंगामात ५१ सामने खेळला. उंचापुरा, ताकदवान, सगळं होतं. पुढे एनएचएलमध्ये तो सहाशेहून अधिक सामने खेळला, ही काही लहानसहान गोष्ट नाही. पण त्याचे सगळ्या कारकीर्दीतले गोल मिळून १५ भरतात. मधे एकदा तो खेळ पुन्हा बसवायला फिनलंडला परतलाही होता. तिसऱ्या क्रमांकाकडून जी अपेक्षा होती ती पुरी झाली नाही. घाईनंच असं झालं हे मी सिद्ध करू शकत नाही, पण फिनिश लोकांच्या मनात ते उदाहरण होतं.

जुलै २०१७ मध्ये डॅलसनं हेइस्कानेनशी तीन वर्षांचा करार केला. तो लगेच जाईल असं अनेकांना वाटलं, आणि तो गेला असता तर संघात बसलाही असता. पण डॅलसनं त्याला आणखी एक वर्ष एचआयएफकेकडेच खेळू दिलं. इथे क्लबच्या शहाणपणाचं कौतुक करण्याआधी हिशेबही पाहावा. एनएचएलच्या नियमानुसार, करार केलेला अठरा-एकोणीस वर्षांचा खेळाडू हंगामात दहा सामनेही खेळला नाही, तर त्याच्या पहिल्या कराराचं ते वर्ष मोजलं जात नाही, करार पुढे सरकतो. म्हणजे स्वस्तातली तीन वर्षं जशीच्या तशी शिल्लक राहतात आणि ती मुलगा अधिक पिकलेला असताना वापरता येतात. डॅलसला थांबणं परवडत होतं, किंबहुना फायद्याचं होतं. मुलाचं हित आणि मालकाचा हिशेब एकाच दिशेला जाणं व्यावसायिक खेळात क्वचित घडतं. इथे घडलं, एवढंच म्हणतो.

आणि ते वर्ष कसं गेलं पाहा. लीगामध्ये ३० सामने, ११ गोल, १२ असिस्ट. म्हणजे आदल्या हंगामापेक्षा सामने कमी, गोल दुपटीहून जास्त. पॉवर प्लेमध्ये, म्हणजे समोरच्याचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना, समोरच्या हद्दीवरच्या निळ्या रेषेवरून सूत्रं चालवण्याचं काम त्याच्याकडे आलं. डॅलसमध्ये त्या वर्षी त्याला हे काम मिळणं अवघडच होतं, तिथे योन क्लिंगबर्ग नावाचा मातब्बर स्वीडिश त्या जागेवर बसलेला होता. हंगामाच्या शेवटी एचआयएफकेला कांस्य मिळालं आणि लीगातल्या सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार हेइस्कानेनला. तो पुरस्कार पेक्का राउताकाल्लिओच्या नावानं दिला जातो, जो एनएचएलच्या ऑल स्टार सामन्यात खेळलेला पहिला फिन, आणि तोही बचावपटू.

पण या वर्षाची खरी कमाई क्लबबाहेरची. डिसेंबरअखेरीला बफेलोत २० वर्षांखालची जागतिक स्पर्धा. फेब्रुवारीत प्योंगचांगचं हिवाळी ऑलिंपिक. मे महिन्यात डेन्मार्कमध्ये प्रौढांची जागतिक स्पर्धा. तिन्ही स्पर्धा एकाच हंगामात, अठराव्या वर्षी. यातलं ऑलिंपिक त्याला मिळालं ते केवळ हेलसिंकीत राहिल्यामुळे. त्या वर्षी एनएचएलनं आपल्या खेळाडूंना ऑलिंपिकसाठी सोडायला नकार दिला होता, त्यामुळे सगळे देश युरोपातल्या लीगांमधून संघ उभे करत होते. यारे लेहतिनेननं त्या संघात आपल्या गावच्या पोराला घेतलं. डॅलसला गेला असता तर प्योंगचांगचे सामने त्यानं दूरचित्रवाणीवर पाहिले असते.

या तिन्ही स्पर्धांत फिनलंडचं काय झालं? बफेलोत उपांत्यपूर्व फेरीत चेक संघाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हार. प्योंगचांगमध्ये उपांत्यपूर्व फेरीत कॅनडाकडून १-० अशी हार. डेन्मार्कमध्ये उपांत्यपूर्व फेरीत स्वित्झर्लंडकडून ३-२ अशी हार. तिन्ही वेळा तोच टप्पा, तिन्ही वेळा एकाच गोलाच्या फरकानं किंवा त्याहून कमी. एकही पदक नाही. मला वाटतं, त्या वर्षाचं हे अंग यशकथेत बसत नाही म्हणून लोक त्याच्याकडे पाहत नाहीत. पण एका गोलाचे बाद सामने खेळणं हेच बचावपटूचं शिक्षण असतं. चार गोलांनी पुढे असताना कुणीही शांत दिसतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये तो डॅलससाठी उतरला. इथे एक तांत्रिक अडचण होती. आंतरराष्ट्रीय मापाचं मैदान तेव्हा तीस मीटर रुंद असे, एनएचएलचं सुमारे सव्वीस. चार मीटर ऐकायला थोडे वाटतात, पण कोपऱ्यातून वळायला जो क्षण मिळतो तो याच चार मीटरमध्ये असतो. युरोपातून येणारे अनेक बचावपटू इथे वर्षभर धडका खातात. हेइस्कानेनच्या बाबतीत हा काळ काही आठवड्यांचा ठरला. अनेक सामन्यांत त्याच्या जोडीला रोमान पोलाक नावाचा पोक्त, जडशीळ चेक बचावपटू होता. तो गोलासमोर माणसं हलवायचा, पोरगा पक हलवायचा. मग क्लिंगबर्गला दुखापत झाली आणि पॉवर प्लेची सूत्रंही हेइस्कानेनकडे आली. हेलसिंकीत शिकलेलं काम इथे उपयोगी पडलं.

हंगामाअखेरचा हिशेब: सगळेच्या सगळे ८२ सामने, १२ गोल, २१ असिस्ट. आकी बेर्गच्या साऱ्या कारकीर्दीतले १५ गोल आठवा. पण मी मघाशी म्हटलं तसं मिनिटं पाहा. एकोणिसाव्या वर्षी, सामन्यामागे सुमारे २३ मिनिटं. डॅलसचा प्रशिक्षकही नवा होता, जिम माँटगोमेरी, विद्यापीठाच्या संघातून थेट एनएचएलमध्ये आलेला. नव्या प्रशिक्षकाची नोकरी सहसा अनुभवी माणसांच्या आधारावर टिकते. त्यानं ती पोरावर सोपवली, आणि डॅलस त्या वर्षी सर्वांत कमी गोल खाणाऱ्या संघांत होता. जानेवारीत हेइस्कानेन ऑल स्टार सामन्याला गेला आणि हंगामानंतर नवोदितांच्या सर्वोत्तम संघात त्याची निवड झाली. नवोदितांचा सर्वोच्च पुरस्कार मात्र पेटरसन या स्वीडिश आक्रमकाला मिळाला, जो त्याच २०१७ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर होता. आक्रमकाला मिळणं साहजिक होतं.

एप्रिल २०१९ मध्ये बाद फेरी सुरू झाली. नॅशविलविरुद्ध पहिला सामना, हेइस्कानेनचा एनएचएलमधला बाद फेरीचा पहिलाच सामना. डॅलस ३-२ असा जिंकला आणि त्या तीनपैकी दोन गोल या बचावपटूचे होते. पुढच्या फेरीत सेंट लुईसविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत झुंज गेली आणि दुसऱ्या जादा डावात डॅलस हरला. सेंट लुईसनं त्या वर्षी कप जिंकला.

आता २०२०. मार्चमध्ये जग थांबलं तसा हंगामही थांबला. ऑगस्टमध्ये बाद फेरी पुन्हा सुरू झाली ती टोरांटो आणि एडमंटन या दोनच शहरांत, रिकाम्या खुर्च्यांसमोर, खेळाडू हॉटेलात कोंडलेले. डॅलस एडमंटनला होता. प्रशिक्षक बदललेला होता, रिक बाउनेस नावाचे अनुभवी गृहस्थ आले होते. संघात चार फिन: हेइस्कानेन, बचावातच एसा लिंडेल, पुढे रूपे हिंट्झ आणि योएल किव्हिरांटा. डॅलसनं कॅल्गरीला हरवलं, आणि मग समोर आला कोलोराडो.

म्हणजे केल मकार. चौथा क्रमांक. त्यानंही थांबणंच पसंत केलं होतं. दोन वर्षं तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळला, विद्यापीठ हॉकीचा सर्वोच्च मान मिळवला आणि मगच आला. उलट पहिले दोघे, हिशियर आणि पॅट्रिक, २०१७ मध्ये लगेच उतरले. हिशियर न्यू जर्सीचा कर्णधार झाला. पॅट्रिकला अर्धशिशीच्या विकारानं पूर्ण हंगाम मुकावं लागलं आणि त्याची कारकीर्द लवकर आटोपली. आजाराचा घाईशी संबंध जोडणं अन्यायाचं होईल. चौघांचे चार रस्ते झाले, त्यातून नियम काढता येत नाही. थांबलेले दोघेही बचावपटू होते, एवढं मात्र मला नोंदवावंसं वाटतं. आक्रमक चुकला तर पक गमावतो, बचावपटू चुकला तर गोल होतो. त्याला पिकायला जास्त वेळ लागतो, हे प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक असतं.

ती मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. कोलोराडोचे दोन्ही मुख्य गोलरक्षक जखमी होते, तिसऱ्याला उतरवावं लागलं होतं, हे न सांगता डॅलसचं कौतुक करणं खोटेपणाचं ठरेल. सातव्या सामन्यात, ४ सप्टेंबरला, किव्हिरांटानं तीन गोल केले. त्यांतला तिसरा जादा डावातला आणि निकाल लावणारा. ५-४. पुढे डॅलसनं व्हेगासला पाच सामन्यांत संपवलं आणि अंतिम फेरीत टँपा बेकडून सहा सामन्यांत हार पत्करली.

त्या बाद फेरीत हेइस्कानेन २७ सामने खेळला. सहा गोल, वीस असिस्ट, २६ गुण. साऱ्या स्पर्धेत त्याच्यापेक्षा जास्त गुण फक्त दोघांचे, टँपाच्या कुचेरॉव्ह आणि पॉइंट या आक्रमकांचे. जगातल्या भल्या भल्या आक्रमकांना मागे टाकून एकवीस वर्षांचा बचावपटू तिसरा. आणि गंमत अशी की त्याच हंगामाच्या साखळी सामन्यांत त्याचे गुण ६८ सामन्यांत अवघे ३५ होते. सामने जसे घट्ट होत गेले, चुकांना जागा जशी कमी होत गेली, तसा त्याचा वाटा वाढत गेला. एका गोलाचे हरलेले ते तीन उपांत्यपूर्व सामने मला इथे आठवतात. संबंध आहेच असं मी शपथेवर सांगणार नाही, पण मला तो दिसतो.

मग मकार की हेइस्कानेन, डॅलसनं चूक केली का, हा प्रश्न अमेरिकेत वर्षानुवर्षं चघळला गेला. मकारनं २०२२ मध्ये स्टॅनले कप जिंकला, त्याच वर्षी सर्वोत्तम बचावपटूचा आणि बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही घेतला. त्याच्यासारखा आक्रमक बचावपटू एखाद्या पिढीत एखादाच होतो, हे मान्य. पण हा प्रश्न विचारणारे गुणतक्ता उघडून बसतात आणि तिथेच फसतात. शिवाय डॅलसच्या त्या ड्राफ्टकडे नीट पाहा. पहिल्याच फेरीत पुढे २६ व्या क्रमांकावर त्यांनी जेक ओटिंजर हा गोलरक्षक घेतला आणि दुसऱ्या फेरीत ३९ व्या क्रमांकावर जेसन रॉबर्टसन हा आक्रमक. एकाच ड्राफ्टमध्ये गोलरक्षक, बचावपटू आणि आक्रमक असा दशकभराचा कणा उभा राहिला. अशा क्लबला चुकलात का असं विचारणं मला तरी मोठं गमतीचं वाटतं.

२०२१ च्या छोट्या हंगामात डॅलस बाद फेरीतही पोचला नाही. हेइस्कानेनचे ५५ सामन्यांत २७ गुण. तरीही १७ जुलै २०२१ ला, त्याच्या बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, क्लबनं त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला, एकूण सहा कोटी ७६ लाख डॉलरचा. आठवडाभरानं कोलोराडोनं मकारशी सहा वर्षांचा केला, वर्षाला ९० लाख डॉलरप्रमाणे. वर्षाचा हिशेब काढला तर दोघांत फरक साडेपाच लाखांचा. संघाचा एकूण पगार एका मर्यादेत बसवावा लागतो अशा लीगमध्ये, बर्फावरची मिनिटं मोजणाऱ्या लोकांनी या दोघांना जवळजवळ एकाच तराजूत घातलं होतं.

पुढचं सगळं, म्हणजे २०२२ मध्ये टाम्पेरेत मायदेशी जिंकलेलं जागतिक सुवर्ण, त्यानंतरचा ७३ गुणांचा हंगाम, मग गुडघ्याची दुखापत, हा उत्तरार्ध झाला आणि आजच्या विषयात तो नाही. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आहे, तेव्हा मी थांबतो. पुढे बसलेल्या मुलांपैकी कुणी स्केटिंग करत असेल तर त्यांचे प्रश्न आधी घेऊ.